भिवपुरी रोड गेलं की छत्री हातात!

लोकलमध्ये छत्री कुणाचीही राहते. पण दर पावसाळ्यात तीन-तीन छत्र्या, वर्षातून दोनदा पास, गॅसवर उतू गेलेलं दूध आणि पैसे असूनही भरायचं राहिलेलं लाइटबिल, हे सगळं एकाच माणसाच्या वाट्याला वर्षानुवर्षं येत असेल तर? त्याच्या शाळेतल्या प्रगतिपुस्तकावरही ‘हुशार आहे, पण लक्ष नाही’ असाच शेरा असेल तर? मग त्याला धांदरट म्हणून सोडून देण्याआधी एडीएचडीचा विचार करायला हवा. लक्ष टिकवणं, वेळेचा अंदाज घेणं, काम सुरू करणं, मनातली घाई आवरणं हे सगळं मेंदूच्या ज्या व्यवस्थेकडून होतं, ती एडीएचडी असलेल्या माणसांमध्ये वेगळ्या तऱ्हेने चालते. त्यावर औषधं आहेत, समुपदेशन आहे. पण सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा दिवस घरात आणि कामावर निभवायचा कसा, हे शिकवणारी मंडळीही आहेत, आणि त्यांची माहिती फार थोड्यांना असते. ती म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, व्यवसायोपचारतज्ज्ञ. त्यांच्या जगातल्या काही मजेदार आणि कामाला येणाऱ्या गोष्टी, खास कर्जत-खालापूरकरांसाठी.

एका डब्यात पाच जण

लहानपणी सुरू होऊन मोठेपणीही टिकलेला एडीएचडी किती प्रौढांमध्ये असतो, याचा एक जागतिक आढावा २०२१ मध्ये आला. आकडा निघाला २.५८ टक्के. कर्जत लोकलच्या एका डब्यात दोनशे माणसं धरली, तर हिशेबाने त्यातली पाच. त्यातल्या बहुतेकांना आपल्या त्रासाला काही नाव आहे हेही माहीत नसतं.

याला एक कारण आहे. १९६८ च्या अमेरिकी निदान-पुस्तिकेत या त्रासाच्या नावातच ‘बालपण’ होतं. मूल मोठं झालं की ही खोड आपोआप जाते, असं मग डॉक्टरही धरून चालले. २०१३ च्या आवृत्तीत मोठ्यांसाठी मोजमाप वेगळं झालं. मुलांमध्ये नऊपैकी सहा लक्षणं लागतात, १७ वर्षांपुढे पाच पुरतात. मात्र त्यातली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असायला हवीत. म्हणून निदान करताना चांगला मानसोपचारतज्ज्ञ तुमच्या आईलाही चार प्रश्न विचारतो.

चुळबुळ्या फिलिप

जेवणाच्या टेबलावर खुर्ची मागे-पुढे झुलवत अख्खं जेवण अंगावर ओढून घेणारा फिलिप नावाचा मुलगा १८४६ मध्ये जर्मनीत छापून आला. लिहिणारे हाइनरिश हॉफमन फ्रँकफर्टचे डॉक्टर. मुलाला नाताळची भेट म्हणून मनासारखं पुस्तक बाजारात मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच लिहिलं आणि चित्रंही स्वतःच काढली. म्हणजे मोबाईल येण्याआधी दीडशे वर्षं असं मूल लोकांना ओळखीचं होतं. ‘सगळं त्या मोबाईलमुळे’ म्हणणाऱ्यांना हा फिलिप जरूर दाखवावा.

बायकोच्या नावाची गोळी

एडीएचडीवरचं सगळ्यांत प्रसिद्ध औषध मिथाइलफेनिडेट. स्वित्झर्लंडमध्ये लिआंद्रो पानिझ्झोन या रसायनतज्ज्ञाने ते १९४४ मध्ये तयार केलं. त्याची बायको मार्गारीट टेनिस खेळण्याआधी ते घ्यायची. तिचं लाडाचं नाव रीटा, त्यावरून औषध बाजारात आलं ‘रिटालिन’ म्हणून. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं आणि तसंच मिळायला हवं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट गोळी देत नाहीत. गोळीने लक्ष सावरलं तरी ते कुठे लावायचं, कपाट कसं लावायचं, सकाळ कशी बसवायची हे गोळी सांगत नाही. थेरपिस्टचं काम तिथून सुरू होतं.

आशियातली पहिली शाळा परळला

ही गोष्ट तर प्रत्येक मराठी माणसाला पाठ असायला हवी. ऑक्युपेशनल थेरपी शिकवणारी आशियातली पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर. माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी, जन्म अमेरिकेतला, क्वेकर पंथातला. निंबकरांशी लग्न करून त्या इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. १९५२ मध्ये व्यवसायोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तिच्या पहिल्या अध्यक्ष त्याच. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला आणि त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. फलटणची ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा त्यांच्याच नावाची.

आपल्या दृष्टीने यातली खरी गंमत अशी, की कर्जतहून रोज मुंबई गाठणारे हजारो लोक या शाळेच्या जवळून जातात. परळला उतरलं की केईएम जवळच. ऑक्युपेशनल थेरपीचे पालिकेचे आणखी दोन विभाग आहेत, एक सायन रुग्णालयात आणि एक नायरमध्ये. म्हणजे मदत आपल्याच रेल्वेलाइनवर आहे. आपल्याला ठाऊक नसते, एवढंच.

संस्थापकांत एक आर्किटेक्ट

अमेरिकेत या शास्त्राची पहिली संस्था १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावी उभी राहिली. ज्याच्या घरी बैठक झाली तो जॉर्ज बार्टन पेशाने वास्तुविशारद, स्वतः दीर्घ आजारातून गेलेला. माणसाला बरं करायचं तर त्याच्याभोवतीची जागाही बघावी लागते, हे या शास्त्रात सुरुवातीपासून होतं. दुसऱ्या संस्थापक एलेनॉर क्लार्क स्लेगल. त्यांची खासियत ‘सवयींचं प्रशिक्षण’. उठणं, आवरणं, काम, विश्रांती, खेळ असा दिवसाचा ठरलेला क्रम त्या मनोरुग्णांकडून बसवून घ्यायच्या. शंभर वर्षांपूर्वीची ही कल्पना आजच्या एडीएचडीच्या माणसाला अगदी मापात बसते.

पहिला प्रश्न: कोणतं काम अडतंय?

थेरपिस्टकडे गेल्यावर तुमचा आजार किती मोठा, हे आधी विचारलं जात नाही. रोजच्या जगण्यातली कोणती कामं अडतात, ते विचारतात. १९९१ मध्ये कॅनडात तयार झालेलं एक मोजमाप जगभर वापरलं जातं. त्यात तुम्हीच तुमची महत्त्वाची कामं निवडायची आणि प्रत्येकाला दोनदा, दहापैकी गुण द्यायचे: ते काम मला किती जमतं, आणि जसं जमतं त्यावर मी किती समाधानी आहे. काही महिन्यांनी पुन्हा तेच गुण. उपचार लागू पडला की नाही, याचा निकाल पेशंटच्या हातात! एखाद्याला पसारा चालतो, पण पोराच्या शाळेची फी वेळेवर न भरल्याची लाज वाटते. मग काम फीवर करायचं, कपाट राहू दे.

इस्रायलमधल्या थेरपिस्टांनी एडीएचडीच्या प्रौढांसाठी ‘कॉग-फन’ नावाचा खास कार्यक्रम बांधला आहे. त्याचाही भर माणसाने आपल्या अडचणी ओळखण्यावर आणि घरातल्या-नोकरीतल्या खऱ्या कामांवर आहे. बंद खोलीतल्या कोड्यांना त्यात फारसा थारा नाही.

स्टेशनांची माळ

पीटर गोलविट्झर हे मानसशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं असं, की ‘मी आता लक्ष ठेवीन’ असा निश्चय फार तग धरत नाही. ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं ठरवलं तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते. एडीएचडी असलेल्या मुलांवरच्या प्रयोगांतही अशा ‘जर-तर’ ठरावांचा उपयोग दिसला आहे.

कर्जत मार्गावर तर हे ‘अमुक’ रेल्वेने आयतं दिलं आहे. वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत. कल्याणनंतर डुलकी लागते, मोबाईलमध्ये डोकं जातं, आणि कर्जतच्या फलाटावर धडपडत उतरताना छत्री रॅकवर राहते. त्याऐवजी ठरवून टाकायचं: नेरळ आलं की इयरफोन आणि मोबाईल आत. भिवपुरी रोड गेलं की रॅककडे बघायचं, छत्री हातात, डबा पिशवीत, बॅगेची चेन बंद. खोपोली गाडीवाल्यांना पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी. लौजी आली की तेच. पंधरा दिवस हे मुद्दाम करावं लागतं, मग स्टेशनच आठवण करून देतं. सुरुवातीला छत्रीच्या दांड्याला भडक नारिंगी फीत बांधावी, म्हणजे वर नुसती नजर गेली तरी पुरते.

परतीचंही तसंच. घरी शिरल्यावर चावी ‘कुठेतरी’ पडते, कारण त्या क्षणी डोक्यात दुसरंच असतं. दाराच्या आत, हात सहज जाईल तिथे एक खुंटी ठोकायची. चावी, पास, कंपनीचं ओळखपत्र तिथेच. चप्पल काढायच्या आधी खुंटी. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण चप्पल काढली की माणूस घरात विरघळतो!

कर्जतचा बँकर

बोरघाटाचा चढ १:३७. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात, त्यांना रेल्वेवाले बँकर म्हणतात. पुढचं इंजिन धडधाकट असतं, तरी घाट त्याला एकट्याने चढवत नाही. एडीएचडीच्या माणसाला कंटाळवाणं काम सुरू करताना असाच बँकर लागतो. कुणीतरी नुसतं शेजारी बसायचं, बोलायचं नाही, मदतही करायची नाही. आपण आपले कागद लावायचे, त्याने भाजी निवडायची. याला ‘बॉडी डबलिंग’ म्हणतात. खूप जण सांगतात, की वर्षभर साठलेली कागदपत्रं अशी एका दुपारी लागली. बहीण, मित्र, शेजारच्या काकू, व्हिडिओ कॉलवरचा सहकारी, कुणीही चालतं.

‘अहो, पास घेतलात का?’

हा प्रश्न ज्या घरात रोज विचारला जातो, तिथे बायको हळूहळू अलार्मचं घड्याळ होऊन बसते. तिला कंटाळा येतो, त्याला अपमान वाटतो, आणि भांडण पासावरून सुरू होऊन भलतीकडेच जातं. एडीएचडी बायकोला असेल तर आणखी अवघड. आपल्याकडे घर आठवणीत ठेवायचं काम बाईचंच धरलं जातं. डाळ संपली, सिलिंडर लावायचा, सासऱ्यांच्या गोळ्या, मुलाची वही, सगळं तिच्या डोक्यात असायला हवं. ते राहिलं की ती वाईट गृहिणी ठरते. मुलींचं निदान लहानपणी मुलांपेक्षा कमी होतं, कारण त्या वर्गात उड्या मारत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात. तिशी-पस्तिशीपर्यंत अशा बाया स्वतःला आळशी म्हणत जगतात. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

थेरपिस्ट इथे आठवणीचं ओझं माणसाच्या डोक्यावरून काढून वस्तूंवर टाकतात. थोडे नमुने:

डोळ्यांआड गेलेलं मनातूनही जातं, म्हणून डाळी-कडधान्यं पारदर्शक बरण्यांत. फ्रीजमधली भाजी खालच्या खणात सडते, ती समोरच्या फळीवर. खालच्या खणात कोल्ड्रिंक गेलं तरी चालतं.

गॅस चालू ठेवून स्वयंपाकघराबाहेर जायचं झालंच, तर पळी हातात घेऊन जायचं. दारात कुरियरवाला आला, फोन वाजला, तरी हातातली पळी सांगते, की आत काहीतरी शिजतंय.

कुकरच्या शिट्ट्या हा आपल्या घरातला जुना, खणखणीत टायमर आहे. दुधाला शिट्टी नसते, म्हणून दुधासाठी स्वयंपाकघरातला चावीचा टायमर. मोबाईलचा नको, कारण अलार्म बंद करायला मोबाईल उचलला की पुढची वीस मिनिटं गेली.

कात्री, चार्जर, चष्मा यांच्या दोन-दोन जोड्या. शिस्तीच्या माणसाला ही चैन वाटेल. पण रोजच्या अर्ध्या तासाच्या शोधाशोधीपेक्षा दुसरी कात्री स्वस्त.

लाइटबिल, विमा, हप्ता यांना बँकेतून आपोआप भरणा. एकदा बसून लावायचं, बँकर शेजारी घेऊन.

कारखान्याला हे आधीच कळलंय

पाताळगंगा, रसायनी, खोपोलीच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी मशिनदुरुस्तीची पद्धत आठवावी. दुरुस्तीआधी मुख्य स्विच बंद, त्याला कुलूप, कुलपावर दुरुस्ती करणाऱ्याच्या नावाची पट्टी. ‘मी सांगितलं होतं’, ‘मला वाटलं होतं’ याला तिथे जागाच नाही. विमानांतही तेच. १९३५ मध्ये अमेरिकेत बोइंगचं नवं बॉम्बर विमान उड्डाणाच्या चाचणीत कोसळलं. उडण्याआधी काढायचं एक कुलूप अनुभवी वैमानिकाकडून राहून गेलं होतं. त्यानंतर वैमानिकांच्या हातात तपासयादी आली ती कायमची. जिवाशी गाठ असते तिथे उद्योगजगत कुणाच्याच स्मरणशक्तीवर विसंबत नाही. मग एडीएचडीच्या कामगाराने तोंडी सूचनेऐवजी लेखी यादी मागितली, तर ती सवलत कशी?

थेरपिस्ट कामावरच्या अडचणी अशाच सुट्या करून बघतात. साहेबांनी जाता-जाता सांगितलेली तीन कामं विसरतात? ऐकलेलं तिथल्या तिथे परत बोलून दाखवायचं आणि दोन ओळींचा व्हॉट्सअ‍ॅप टाकून ठेवायचा. महिन्याचा रिपोर्ट शेवटच्या रात्री होतो? दर शुक्रवारी एक भाग, आणि तो शुक्रवारीच कुणाला तरी दाखवायचा, कारण बाहेरची तारीख या मेंदूला आतल्या निश्चयापेक्षा जास्त हलवते. टेबल दाराकडे तोंड करून असेल तर फिरवून भिंतीकडे.

पाळ्यांचा प्रश्न मात्र खरंच कठीण. एडीएचडीच्या बऱ्याच प्रौढांच्या शरीरात झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा सुरू होतं. रात्री डोळा लागत नाही आणि पहिल्या पाळीची बस पहाटेच दारात. दर आठवड्याला पाळी बदलली तर घडी बसतच नाही. कायम दुसरी पाळी मिळाली तर एरवी ‘बेजबाबदार’ ठरलेला माणूस सरळ चालू लागू शकतो. सुपरवायझरशी हे बोलायला थेरपिस्टचं पत्र कामी येतं.

कायद्याचंही सांगायला हवं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडीचं नाव स्वतंत्रपणे नाही. ते यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पत्र्यावरचा पाऊस

स्वीडनच्या योरान सॉडरलुंड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक चमत्कारिक निष्कर्ष मांडला. सतत एकसुरी खरखर ऐकू येत असताना एडीएचडीच्या मुलांची स्मरणाची कामगिरी सुधारली, इतर मुलांची घसरली. प्रयोग मुलांवरचा आहे, पण शांत खोलीत ज्यांचं डोकं जास्त भटकतं अशा मोठ्यांनीही पंखा मोठा करून पाहायला हरकत नाही. जून ते सप्टेंबर कर्जत-खोपोलीत पत्र्याच्या शेडखाली ही सोय फुकट आहे.

साखळ्यांची गोधडी

स्वीडनमधलाच २०२० चा अभ्यास. झोप न येणाऱ्या १२० मानसरुग्णांपैकी, ज्यांत एडीएचडीचेही होते, काहींना धातूच्या साखळ्या शिवलेलं जड पांघरूण दिलं, काहींना हलकं. जड पांघरूणवाल्यांची झोप स्पष्टपणे सुधारली. आजीची गोधडी तेवढी जड नसते आणि मे महिन्यात तर नावही काढायला नको, पण थंडीत दोन गोधड्या एकावर एक घेऊन बघता येईल. दमा किंवा श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

माथेरान, वीस मिनिटं

अमेरिकेतल्या टेलर आणि कुओ यांनी २००९ मध्ये एडीएचडीच्या मुलांना वीस मिनिटं चालवलं, कधी बागेत, कधी शहरी रस्त्यावर. बागेतल्या फेरीनंतर लक्ष जास्त चांगलं लागलं. अभ्यास छोटा होता. पण ज्या तालुक्यात मोटारींना बंदी असलेलं माथेरान आहे, तिथल्या माणसाने डोकं तापल्यावर फोन घरी ठेवून झाडांतून वीस मिनिटं जायला काय हरकत?

तोच जीन, दोन गावं

केनियातल्या अरियाल जमातीतले काही लोक आजही गुरांमागे फिरतात, काही गावात स्थिरावले. एडीएचडीशी जोडल्या गेलेल्या एका जीनप्रकाराचा डॅन आयझेनबर्ग यांनी २००८ मध्ये तिथे अभ्यास केला. तो जीन असलेले भटके पुरुष जास्त धष्टपुष्ट निघाले. तोच जीन असलेले स्थिरावलेले पुरुष उलट अशक्त! जीन तोच, जागा बदलली, निकाल फिरला. ऑक्युपेशनल थेरपीवर माझा विश्वास आहे तो याच कारणाने.

पोराचं निदान, बापाचा उलगडा

जुळ्यांच्या अभ्यासांवरून एडीएचडीतला आनुवंशिक वाटा सुमारे ७४ टक्के मानला जातो. त्यामुळे अनेकांना आपला एडीएचडी पोराच्या निदानावेळी कळतो. डॉक्टर मुलाची लक्षणं वाचत असतात आणि शेजारी बसलेला बाप आपल्याच आयुष्याची यादी ऐकत असतो.

जायचं कुठे?

जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची एक छोटी चाचणी आहे. ती घरबसल्या करता येते, पण ते निदान नव्हे. निदान मानसोपचारतज्ज्ञ करतात, कारण थायरॉइड, नैराश्य, अपुरी झोप यांनीही लक्ष उडतं. कर्जत तालुक्याला मनाच्या आजारांची ओळख नवी नाही. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवणाऱ्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचं काम इथेच चालतं आणि त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते काम वेगळ्या, गंभीर आजारांचं आहे. एडीएचडीसाठी पहिली पायरी म्हणून ‘टेलिमानस’ला १४४१६ वर फोन लावावा. सरकारी सेवा आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

पुढे थेरपिस्ट गाठताना दोन गोष्टी विचाराव्यात. एक, महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेत नोंदणी आहे का. दुसरी, मोठ्या माणसांना बघता का, कारण ऑक्युपेशनल थेरपीचे बरेचसे दवाखाने लहान मुलांचे असतात आणि तिथल्या झोपाळ्यांवर तुमचं काम नाही. भेटीची वेळ खुंटीशेजारी लिहून लावावी. जाताना मोठी फाइल लागत नाही. गेल्या आठवड्यात अडलेलं एकच काम, कुठल्या पायरीला अडलं, त्या वेळी आजूबाजूला काय काय चालू होतं, एवढं कागदावर लिहून न्यावं. जमलं तर त्या टेबलाचा, त्या ओट्याचा फोटोही. आवरून काढू नये, जसा आहे तसाच.